तीन वाजायच्या आत

पहिली बाटली फुटली तेव्हा मला वाटलं, पत्र्यावर नारळ पडला. मी वर बघितलं. तेवढ्यात मागून दाजी ओरडले, "खाली बस! खाली!"

मी बसले. का ते न कळताच बसले, कारण दाजी माझ्याशी बोलले होते, हेच मला त्या आवाजापेक्षा मोठं वाटलं. दाजी म्हणजे माझे सासरे. सगळा गाव त्यांना दाजी म्हणायचा, म्हणून मीही. माझा नवरा दिगंबर घाटात मोटरसायकलच्या अपघातात गेला, त्याला तेव्हा दोन वर्षं होत आली होती. त्या दोन वर्षांत दाजी माझ्याशी थेट एक वाक्य बोलले नव्हते. काही सांगायचं असलं की मी समोर उभी असतानाही ते सासूबाईंना सांगायचे. आणि सासूबाईंना तर ऐकू येत नसे. तेव्हा ते सांगणं माझ्यासाठीच असायचं, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

दुसरी बाटली मात्र मी डोळ्यांनी बघितली. वरच्या फळीवरची, दाराकडून चौथी की पाचवी. होती आणि नव्हती. तिचा गळा झाकणासकट समोरच्या भिंतीवर आपटला, बाकीची काच मूठभर खडी फेकावी तशी उडाली, आणि पिवळसर फेस फळीवरून गळायला लागला. आंबूस, गोडसर वास खोलीभर पसरला.

"मागे ये. सरपटत ये," दाजी म्हणाले.

ती खोली म्हणजे दाजींचा जुना सोड्याचा कारखाना. कारखाना म्हणायचं एवढंच. एक माणूस, एक यंत्र, आणि गोटीच्या बाटल्या सायकलला लावून दोडामार्गच्या बाजारात न्यायच्या. तो बंद पडून पंधरा वर्षं झाली होती. यंत्राचा लोखंडी सांगाडा उचलायला कुणी आलं नाही, म्हणून तो खोलीच्या मागच्या टोकाला तसाच उभा होता. चिऱ्याच्या भिंती, वर पत्रे, बोळासारखी लांब नि अरुंद खोली. पुढच्या टोकाला एकच दार, मागे छपराजवळ गजांची एवढीशी खिडकी. दारापासून अर्ध्या खोलीपर्यंत डाव्या भिंतीला मी तीन फळ्यांची मांडणी केली होती, कारण तिथे उजेड चांगला होता. त्या फळ्या आणि समोरची भिंत यांच्यात दोन हातांचीही जागा नव्हती. मागच्या पिंपातून पाणी आणायला मी बाटल्यांसमोरून आत गेले, आणि तेवढ्यात हे सुरू झालं. दाजी माझ्या आधीपासून मागे होते, यंत्राच्या आडोशाला, जुन्या ट्रंकेत काहीतरी शोधत. आता बाहेर पडायचं तर दोघांनाही त्या बाटल्यांसमोरून जावं लागणार होतं.

साठ बाटल्या होत्या. बोंडूचं सायडर. बोंडू म्हणजे काजूचं फळ. बी काढून घेतली की आमच्याकडे त्याचे ढीग झाडाखाली कुजत पडतात. एका प्रशिक्षणात सिक्वेरा नावाच्या बाईंनी मला ते आंबवून सायडर करायला शिकवलं होतं. मोरजीच्या एका हॉटेलवाल्याला नमुना पाहिजे होता, परवान्याचं तो बघणार होता, आणि त्याची एकच अट होती: ग्लासात ओतलं की बुडबुडे आले पाहिजेत.

बुडबुडे बाटलीतच आणायचे असतात. रस आंबून पुरता शांत झाला की प्रत्येक बाटलीत सपाट चमचाभर साखर घालायची आणि झाकण दाबून बसवायचं. ती साखर आत आंबते, वायू कोंडतो, फसफस येते. सिक्वेरा बाई सांगताना टेबलावर बोट आपटायच्या. साखर किती उरली ते दाखवणारी काचेची तरंगणारी कांडी रसात सोडायची, तिचा आकडा तीन दिवस एकाच जागी राहिला तरच भरायचं. जाड काचेच्या बाटल्या घ्यायच्या, बिअरच्या. आणि एक बाटली प्लॅस्टिकची भरायची, ती बाकीच्यांच्या शेजारीच ठेवायची आणि रोज दाबून बघायची. ती दगडासारखी लागली की सगळ्या बाटल्या ताबडतोब बर्फात.

मी आकडा बघितला होता. रोज अर्धी रेघ तो अजून उतरत होता. अर्धी रेघ म्हणजे काय, म्हणून मी भरलं. जाड बाटल्या छत्तीसच मिळाल्या, म्हणून उरलेल्या चोवीस कोकम सरबताच्या घेतल्या आणि त्या हलक्या म्हणून वरच्या फळीवर, पत्र्याजवळ लावल्या. प्लॅस्टिकची बाटली येता-जाता दाबायला सोयीची म्हणून स्वयंपाकघरात ठेवली, माठाच्या बाजूला, गारव्यात. ती सकाळपर्यंत मऊ लागत होती. मे महिन्याचं ऊन होतं आणि पत्र्याखाली भट्टी पेटली होती, हे त्या बाटलीला कुठून कळणार?

मी सरपटत यंत्रामागे पोचले. दाजी गुडघा लांब करून बसले होते. त्यांचा उजवा गुडघा वाकत नसे. तिसरी फुटली. मग लागोपाठ दोन.

"एक फुटली काय तिचो तुकडो दुसरेक लागता," दाजी म्हणाले. "नि पत्रो तापता तो येगळोच."

"किती वेळ चालेल?"

"सांज होयसर."

मी घड्याळ बघितलं. दीड वाजला होता. फोन घरात. घर खळ्यापलीकडे, आणि घरात कुणी नव्हतं. सासूबाई वरच्या वाडीत बारशाला गेल्या होत्या. बसून राहायचं, एवढंच होतं. संध्याकाळी गार पडलं की बाटल्या शांत होतील आणि आपण बाहेर जाऊ. मला थोडं हायसंही वाटलं. मग माझी नजर दाराकडे गेली. दाराच्या आत, मांडणीला लागून, पेंडीचं पोतं होतं.

दाजींनी तेव्हाच तिकडे बघितलं असावं.

"ती तीन वाजता येतली," ते म्हणाले. "पेंडीक."

सासूबाई रोज तीनला दार लोटायच्या, वाकून पोत्यात हात घालायच्या आणि गुरांची बादली भरायच्या. बारसं असो, लग्न असो, तीनला त्या गुरांपाशी. वाकल्या की त्यांचं तोंड बरोबर मधल्या फळीच्या उंचीला यायचं. आम्ही कितीही ओरडलो तरी त्यांना ऐकू जाणार नव्हतं. बाटल्या फुटलेल्याही ऐकू जाणार नव्हत्या.

"आपल्याला त्याच्या आधी बाहेर पडलं पाहिजे," मी म्हणाले.

दाजींनी मागे हात घालून काजूबियांची रिकामी पोती ओढली. "पिंपात बुडव."

पाणी अर्धं पिंप होतं. मी पोती भिजवून देत गेले आणि दाजी गुडघ्यावर उठून ती फळ्यांवर फेकत गेले, जाळं टाकावं तशी, मनगटाला झोका देऊन. पहिलं पोतं खाली पडलं. दुसरं खालच्या फळीवर बसलं. त्याखाली एक बाटली फुटली आणि नुसता 'फुस्स' असा आवाज झाला, काच बाहेर आलीच नाही. माझ्या तोंडून आनंदाने काहीतरी निघालं. पण पोती पाचच होती. पुढच्या तिन्हींत खालच्या दोन फळ्या बऱ्याचशा झाकल्या. वरची फळी लांब होती, उंच होती, आणि पाचवं पोतं दाजींच्या हातून सुटण्याआधीच एक बाटली फुटली. दाजींनी हात मागे घेतला तेव्हा कोपरापासून खाली रक्त येत होतं.

मी पदराची पट्टी फाडून बांधली. ते माझ्याकडे न बघता बांधून घेत होते.

अडीच वाजून गेले. वरच्या फळीवर अजून सोळा-सतरा तरी बाटल्या होत्या, सगळ्या सरबताच्या. मध्येच पाच-सात मिनिटं काही होत नसे. तेच जास्त वाईट होतं. वाटायचं, आता संपलं, आता उठावं. आणि उठायला पाय जुळवले की एखादी जायची.

यंत्राच्या सांगाड्याला तारेच्या जाळीचं अर्धगोल झाकण अडकवलेलं होतं. सोडा भरताना बाटली फुटली तर तोंडावर येऊ नये म्हणून असायचं ते. दाजींनी ते काढून मांडीवर घेतलं.

"मी जातंय," ते म्हणाले.

"तुमचा गुडघा? मी जाते. बाटल्या माझ्या आहेत, चूक माझी आहे."

"तुजी एकटेची न्हय."

मी जाळी घ्यायला हात पुढे केला होता. त्यांनी ती सोडली नाही.

"तू भरीत होतंस तेव्हा मी दाराच्या फटीतसून बघत होतंय. ते सरबताचे बाटले. ते टिकाचे नाय, ह्यां माका तेव्हाच कळलां. वीस वर्सां सोडो भरलंय मी. काच हातात घेतल्यार कळता."

"मग बोलला का नाहीत?"

"म्हटलां, चार फुटतले. मगे तू ह्यां सगळां सोडतलंस नि गप घरात रवतलंस."

वर एक बाटली फुटली. आम्ही दोघांनी माना खाली घातल्या. एक तुकडा यंत्राच्या चाकावर टण्णकन वाजून माझ्या पायाशी पडला. मनात आलं, माणूस काय काय बघत बसू शकतो!

"अजून एक आसा," दाजी म्हणाले.

"काय?"

"तुजां पत्र इलां होतां. कोल्लापूरचां. कॉलेजचां."

फेब्रुवारीत मी भावाकडे जाते म्हणून सांगून कोल्हापूरला गेले होते. एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायकाच्या जागेसाठी मुलाखत होती. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली मी, आणि लग्नानंतर सहा वर्षांत त्या शिक्षणाचा उपयोग सिक्वेरा बाईंच्या त्या कांडीपलीकडे झाला नव्हता. मुलाखत चांगली झाली होती. मार्चभर, अर्धा एप्रिल मी पोस्टमनची सायकल वळणावर दिसली की हातातलं काम टाकून खळ्यात यायचे. मग एके दिवशी ठरवलं, आता ते येत नाही. दुसऱ्या दिवसापासून बोंडू गोळा करायला लागले. या घरातून बाहेर पडायची दुसरी वाट मला दिसत नव्हती, आणि म्हणून मला इतकी घाई झाली होती की अर्धी रेघ मी रेघच धरली नाही.

"कधी आलं?" मी विचारलं.

"तीन आठवडे झाले."

"हजर कधी व्हायचं होतं?"

"एक तारखेक."

त्या दिवशी नऊ मे होती.

"का?" मी विचारलं.

दाजी जाळीच्या तारा चाचपत होते. "तू गेलंस काय घरात कोण? मी नि ती. तिका ऐकाक येना, माका बोलाक येना." मग म्हणाले, "दिगू गेलो तेव्हापासून घरात आवाज तो तुजोच. भांड्यांचो असलो तरी."

"कुठे आहे ते?"

त्यांनी सदऱ्याच्या आतल्या खिशात हात घातला. चार घड्या घातलेला, पाकिटासकट कागद. तेच काढायला ते त्या दुपारी ट्रंकेपाशी आले होते. मला देण्यासाठी काढलं होतं की चुलीत घालण्यासाठी, मी विचारलं नाही. पुढेही कधी विचारलं नाही.

मी ते घेतलं, ब्लाऊजमध्ये खोचलं. मग त्यांच्या मांडीवरची जाळी ओढून घेतली. या वेळी त्यांनी सोडली. पिंपात उरलेल्या पाण्यात पाचवं पोतं बुडवून मी अंगाभोवती गुंडाळलं, जाळी तोंडासमोर धरली आणि उठले. ते काहीतरी म्हणाले. मी ऐकलं नाही, किंवा ऐकायचं नव्हतं.

दहा-बारा पावलं असतील. मी उजव्या भिंतीला पाठ घासत निघाले. पायाखाली काच करकरत होती. जाळीतून बाटल्या दिसत होत्या. मी धुऊन पुसून, रांगेत लावलेल्या, झाकणाखाली इवलासा फेस जमलेल्या. भीती मला वाटायला हवी तेवढी वाटत नव्हती. डोक्यात एकच घुमत होतं: एक तारीख, एक तारीख. मांडणी संपायला दोन पावलं राहिली तेव्हा एक फुटली. जाळीवर तडतड झाली, पोत्यावर काहीतरी आपटलं, आणि घोट्यापाशी कुणी चिमटा काढावा तसं झालं. मी दार ओढलं. बाहेर पडले.

उन्हाने डोळे दिपले. खळ्यात दहा पावलांवर सासूबाई होत्या. हातात बादली. तीन वाजायला दहा मिनिटं होती. बारशाहून त्या लवकर निघाल्या होत्या.

मी दोन्ही हात पसरून त्यांच्यासमोर उभी राहिले. त्यांनी माझ्या पायाकडे बघितलं, रक्त बघितलं, अंगावरचं पोतं बघितलं. "काय झालां गो?" मी खोलीकडे बोट केलं, दोन्ही मुठी मिटून एकदम उघडल्या, बाटली फुटते तशा. त्यांना कळलं.

"ते खंय आसत?"

मी पुन्हा खोलीकडेच बोट केलं. सासूबाईंनी बादली टाकली आणि निघाल्या. मी त्यांना धरलं. पन्नाशी उलटलेली बाई, पण गुरांमागे धावलेली. मला दोन्ही हातांनी कंबर धरावी लागली. "सोड माका," त्या म्हणत होत्या, "सोड गो माका," आणि त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे त्या खूप मोठ्याने म्हणत होत्या. शेवटी मी त्यांना घराच्या पायरीवर बसवलं. छातीवर हात ठेवून खूण केली: मी जाते.

पण खरं सांगायचं तर मी लगेच वळले नाही. साडेतीनची सावंतवाडीची एस.टी. आमच्या फाट्यावर थांबायची. कागद माझ्याजवळ होता. पैसे डब्यात होते. आत बसलेल्या माणसाला सांज होईपर्यंत तसंच बसून राहायचं होतं, बस्स. यंत्र आडोशाला होतं, तो मरणार नव्हता. सासूबाईंना अडवून झालं होतं. मी जायला मोकळी होते. मी त्या उन्हात उभी राहिले, आणि किती वेळ ते मला आजही सांगता येत नाही. सासूबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. ऐकू न येणारी माणसं तोंडाकडे फार नीट बघतात. त्या उठल्या नाहीत.

आत एक फुटली. मग दुसरी.

मी घरात गेले, खाटेवरच्या दोन गोधड्या ओढल्या आणि विहिरीवर नेऊन भिजवल्या. भिजलेली गोधडी केवढी जड होते! एक डोक्यावरून घेतली, दुसरी काखेत मारली, बोंडू पाडायची काठी घेतली आणि आत शिरले.

दाजी यंत्राला पाठ लावून बसले होते, दोन्ही हात डोक्यावर. मला बघून त्यांनी हात खाली घेतले.

"कित्याक इलंस?"

दुसरी गोधडी काठीवर घेऊन वरच्या फळीवर टाकली. एका टोकाला कमी पडली, पण बाकी सगळं झाकलं गेलं. मग मागे जाऊन त्यांच्या काखेत हात घातला, माझ्या अंगावरची गोधडी दोघांवर ओढली, आणि आम्ही निघालो. त्यांचा गुडघा वाकत नव्हता, मला त्यांचं ओझं पेलत नव्हतं, गोधडीखाली काही दिसत नव्हतं. त्या चालण्यात एकही बाटली फुटली नाही. एकही नाही. दाराबाहेर आल्यावर दाजींना हसू आलं, आणि मग ते एकदम रडायला लागले. सासूबाईंनी त्यांचं तोंड दोन्ही हातांत धरून काच कुठे घुसली का ते फिरवून फिरवून बघितलं आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

मी पायातली काच काढत पायरीवर बसले. साडेतीनची गाडी गेली, तिचा हॉर्न मला ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या वेळी, रात्रभर गार झालेल्या बाटल्या आम्ही दोघांनी उघडल्या. एकतीस उरल्या होत्या. दाजींनी मासळीवाल्याकडून बर्फ मागवला होता. बादल्या भरून पाणी आधी हळूहळू पोत्यांवरून ओतलं, मग बर्फ. एकेक बाटली गोणपाटात गुंडाळायची, तोंड आपल्यापासून लांब, जाळीच्या आड, आणि झाकण एकदम काढायचं नाही, किंचित उचलायचं. वायू सुसाटत निघून जाऊ द्यायचा. पुन्हा किंचित. "घाय केलंस काय मेलंस," ते म्हणायचे. दोन तासांत ते माझ्याशी जेवढं बोलले तेवढं आधीच्या दोन वर्षांत मिळून बोलले नव्हते, आणि सगळं बाटल्यांबद्दल. शेवटच्या बाटलीतलं त्यांनी वाटीत ओतून चाखलं. "वायट नाय," म्हणाले. मी चाखलं नाही.

चहाच्या वेळी ते सासूबाईंकडे वळले. मग थांबले, आणि मान माझ्याकडे फिरवली. "उद्या कोल्लापूर जावया," म्हणाले. "मी येतंय."

कोल्हापूरच्या त्या कॉलेजचं ऑफिस मला अजून तसंच दिसतं, कारण पुढे मी त्याच संस्थेत चौदा वर्षं काढली. त्या दिवशी मात्र तिथे माझं काही नव्हतं. माझी जागा चार तारखेलाच यादीतल्या पुढच्या मुलीला दिली होती. संस्थेच्याच एका शाळेत जूनपासून एक जागा रिकामी होणार होती, ती मला मिळाली, पण ते प्राचार्यांच्या खोलीत, नंतर. आधी आम्हाला हेडक्लार्कसमोर उभं राहावं लागलं. चष्मा कपाळावर चढवलेले गृहस्थ, आजूबाजूला चार टेबलं, फी भरायला आलेली मुलं.

त्यांनी पत्राची तारीख बघितली, माझ्याकडे बघितलं. "अहो, दहा दिवस? एक फोन तरी करायचा. लोक या नोकरीसाठी काय काय करतात आणि तुम्ही?"

मी तोंड उघडायच्या आत दाजी पुढे झाले. बांधलेला हात पोटाशी धरलेला, टोपी दुसऱ्या हातात. "पत्र मी लपवलंय," ते म्हणाले. "तिका दिलंयच नाय. हेच्यात तिचो काय दोष नाय."

क्लार्क कोल्हापूरचे. दाजी भरभर बोलले होते, तेही आपल्या बोलीत. "काय म्हणतायत हे?" त्यांनी मला विचारलं.

चारही टेबलं माझ्याकडे बघत होती. दाजी साठी पार केलेले, गावात ज्यांच्या शब्दाला किंमत, असे. माझ्या पायाच्या जखमेत अजून ठणका होता.

"पत्र आम्हाला उशिरा मिळालं, असं म्हणतायत," मी म्हणाले.

दाजींनी माझ्याकडे वळून बघितलं. कोल्हापूरची भाषा त्यांना चांगली कळायची.

"तसां नाय," ते म्हणाले. "नीट सांग."

"दाजी..."

"नीट सांग तेंका."

मी क्लार्ककडे बघितलं. आणि मग मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "पत्र वेळेवर आलं होतं. ह्यांनी ते माझ्यापासून लपवून ठेवलं. मी घर सोडून जाऊ नये म्हणून."

दाजींनी मान हलवली.

"आता बरोबर," ते म्हणाले, आणि टोपी डोक्यावर घातली.